चौदा दिवस मुरलेला डबा

आमच्या सोसायटीचं नाव इंग्रजीत आहे आणि त्याचा अर्थ हिरवाई असा काहीतरी होतो. पुण्याजवळच्या मांजरी गावच्या रस्त्यावरचा चांगला उभा ऊस काढून तिथे सात टॉवर उभे केले, मधल्या जागेत सिमेंटचे ब्लॉक बसवले आणि मग हे नाव ठेवलं. माती बघायची असेल तर कुंडीत बघावी. अशा ठिकाणी मी पर्यावरण समितीचा निमंत्रक होतो. मला कोणी निवडून दिलं नव्हतं. वार्षिक सभेला मी उशिरा पोचलो होतो, आणि आमच्याकडे उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात समिती पडते.

ओल्या कचऱ्याचं काय ते सोसायटीनेच बघायचं असं ठरलं, तेव्हा मी बोकाशीचा पर्याय मांडला. पद्धत मूळची जपानी. झाकण घट्ट बसणारी बादली, आत जाळी, खाली तोटी. रोजचं खरकटं आत टाकायचं, वर जिवाणू मिसळलेला कोंडा भुरभुरायचा, हवा राहू नये म्हणून दाबायचं आणि झाकण लावायचं. बादली भरली की चौदा दिवस उघडायची नाही. तोटीतून आंबट पाणी निघतं, ते पातळ करून झाडांना घालायचं. आतला माल सडत नाही, लोणच्यासारखा मुरतो. मग तो मातीत पुरला की खत होतं. माती कुठून आणायची, हे सभेत कोणीच विचारलं नाही. बहुतेक सगळे आयटीतले होते. अडचणीची पायरी पुढच्या टप्प्यात ढकलायची सवय अंगात मुरलेली.

मला या बादलीचं एवढं प्रेम का, हे फक्त माझ्या बायकोला माहीत होतं.

वडील गेल्यावर मी आईला शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांतून इथे अकराव्या मजल्यावर आणलं. तिकडे तिला दिवस पुरत नसे. इकडे भांड्यांना बाई, संध्याकाळच्या स्वयंपाकाला बाई, भाजी मोबाइलवरून दारात. आईने पहिला आठवडा घरभर फिरून स्वतःसाठी काम शोधलं, आणि तिला एकच सापडलं. आमचे डबे. बायकोने त्याच दिवशी सांगून टाकलं, "आई, मला नका देऊ, आमच्याकडे कँटीन आहे." आई म्हणाली, "बरं," आणि विषय संपला. मी मात्र तोंडभर हसून डबा घेतला. तेव्हापासून आई रोज साडेपाचला उठायला लागली. तीन घडीच्या पोळ्या, एक सुकी भाजी, बाजूच्या लहान डबीत चटणी किंवा कोशिंबीर.

पहिले काही महिने मी तो डबा खरंच खाल्ला, आवडीने खाल्ला. मग प्रोजेक्ट बदललं. नव्या टीममध्ये सगळ्या देशातली माणसं होती आणि दुपारी सगळे मिळून फूड कोर्टात जात. कोणाला परदेशी पाठवायचं, कोणाच्या माथी काय मारायचं, हे सगळं तिथे नूडल्सवर ठरत असे. जागेवर डबा उघडून बसणाऱ्या माणसाची तिथे कोणाला आठवण येत नव्हती. त्यामुळे मीही नूडल्सकडे गेलो आणि डबा बॅगेत राहिला.

थोडे दिवस तो ऑफिसखालच्या वॉचमनला दिला. त्याची बदली झाली. नव्या वॉचमनने हात जोडून सांगितलं, "नको साहेब, मी घरून आणतो." एकदा ऑफिसच्या कचऱ्याच्या डब्यात ओतला, तर साफसफाईच्या बाईंनी झाडू थांबवून माझ्याकडे बघितलं. त्यानंतर तिथे ओतायची हिंमत झाली नाही.

अशात मी बोकाशीबद्दल वाचलं. शिजवलेलं चालतं, तेलकट चालतं, सगळं चालतं. मला एकदम सुटल्यासारखं झालं. आता डबा वाया जात नव्हता, निसर्गात परत जात होता. पूर्वी लोक पापं धुवायला नदीवर जायचे. मी स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत, बादलीपाशी जाऊ लागलो. संध्याकाळी सातला आई मालिका बघायला बसली की मी डबा बादलीत रिकामा करायचो, कोंडा भुरभुरायचो, पावभाजीच्या मॅशरने दाबायचो आणि झाकण लावायचो. अगदी पर्यावरणप्रेमी वाटायचं.

मालिका संपली की आईचे प्रश्न सुरू व्हायचे.

"कारलं कडू लागलं का रे?"

"अजिबात नाही. टीममधल्यांनीही घेतलं."

"आणि पोळ्या?"

"मऊ होत्या. दुपारपर्यंत तशाच."

न केलेल्या कामाचा अहवाल द्यायचा आम्हाला पगारच मिळतो, त्यामुळे हे मला जड गेलं नाही. उलट मी तपशील वाढवत नेला. चेन्नईच्या मुलीला तुझी चटणी आवडली, म्हणून सांगितलं. तर आई दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी वेगळी डबी द्यायला लागली. तीही बादलीत गेली.

बायको म्हणाली, "सांगून टाक ना. दोन दिवस रागावतील, मग विसरतील."

"तिच्या हातात या घरातलं एवढंच काम आहे," मी म्हणालो. "ते काढून घेतलं तर दिवसभर करेल काय ती?"

"तुला तोंड उघडायची भीती वाटते. आईंचं नाव पुढे करू नकोस."

हे खरं होतं, म्हणून मी चिडलो. पण आईबद्दल मी बोललो तेही खोटं नव्हतं. डबा भरून माझ्या हातात देताना तिच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते दिवसभरात पुन्हा दिसत नसे. आणि माझी सगळी लबाडी त्याच्यावर उभी होती.

आमच्या घरची पहिली बादली भरली, तिचे चौदा दिवस झाले. रविवारी सकाळी क्लब हाउसमध्ये ती सगळ्यांसमोर उघडायची असं समितीने ठरवलं, म्हणजे मीच ठरवलं. बादल्या विकणाऱ्यांकडून प्रशिक्षणाला एक मुलगी आली होती. पन्नासेक माणसं जमली. निमंत्रकाची आई म्हणून आईला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. तिने इस्त्रीची साडी नेसली होती. आपल्या मुलाचा काहीतरी सत्कार वगैरे आहे असा तिचा समज झाला असावा.

यात काही सडत नाही, हे वाक्य मी तोवर तीन सभांत बोललो होतो, मोठ्या अक्षरात पडद्यावरही दाखवलं होतं. ते माझ्या स्वतःच्या बादलीलाही लागू आहे, हे त्या मुलीने झाकण काढेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही.

"सो, बघा," ती हातमोजे घालत म्हणाली. "वास फक्त आंबट आहे. आणि शेप बघा, शेप ॲज इट इज राहतो." तिने चिमट्याने एकेक थर उचलून ट्रेमध्ये मांडायला सुरुवात केली. चार पदरी घडी घातलेल्या तीन पोळ्या, दाबल्यामुळे चपट्या झालेल्या, पण घडी मोडलेली नव्हती. कारल्याच्या चकत्या. देठासकट भरली वांगी. पुन्हा तीन पोळ्या. त्यांच्यावर पांढरी बुरशी आली होती. "व्हाइट इज गुड," ती म्हणाली. "पण सर, तुमच्याकडे कुक्ड फूड खूपच वेस्ट होतं हं."

सोसायटीची जमीन मुळात ज्यांची होती ते काका दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी मान पुढे काढली आणि सरळ मनाने म्हणाले, "साहेब, ह्ये तर आख्खं जेवान हाय. रोजचं."

आई उठली. चष्मा लावून ट्रेजवळ गेली आणि वाकून बघितलं. तिला वेळ लागला नाही. आपल्या हातची घडी कोणती बाई ओळखणार नाही?

"माझ्या आहेत," ती त्या मुलीला म्हणाली. "मऊ राहिल्यात."

मुलीला वाटलं हे कौतुक आहे. तिने टाळ्या वाजवायला लावल्या आणि लोकांनी वाजवल्या. आई पदर सावरून लिफ्टकडे गेली. मला त्या क्षणी त्या बादलीत तोंड खुपसावंसं वाटलं.

घरी गेलो तर ती पेपर वाचत होती. मी काहीतरी पुटपुटलो, फूड कोर्ट, टीम, मीटिंगा. तिने पेपर खाली ठेवला.

"अरे, मग आधी नाही का सांगायचं? साडेपाचला उठताना माझे गुडघे किती बोलतात माहितीये? तुला लागतो म्हणून उठत होते. आता साडेसातपर्यंत झोपते छान. सुटले मी."

मीही सुटलो. इतके महिने ती माझ्यासाठी उठत होती आणि मी तिच्यासाठी डबा नेत होतो, असा सोयीचा हिशेब मी मांडला आणि बायकोलाही सांगितला. बायको म्हणाली, "असं म्हणाल्या का?" पुढचे आठ-दहा दिवस आई साडेसातला खोलीतून बाहेर यायची, चक्क जांभई द्यायची आणि म्हणायची, "आज काय झोप लागली." मी फूड कोर्टात बिनघोर जेवायला लागलो.

मग एका गुरुवारी सकाळी सहाला परदेशातल्या क्लायंटबरोबर कॉल होता. पावणेसहाला उठून पाणी प्यायला निघालो, तर आईच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत दिवा होता. ती पलंगाच्या कडेला बसली होती. आंघोळ झालेली, केस विंचरलेले, साडी नीट नेसलेली, पांघरुणाची घडी उशीवर. दोन्ही हात मांडीवर होते. हातात पुस्तक नाही, जपमाळ नाही, काही नाही.

"आई, काय करतेस गं?"

तिने दाराकडे बघितलं. चोरी पकडल्यासारखी ती हसली.

"अजून साडेसात व्हायचेत ना," ती म्हणाली. "तू जा. तुझा फोन वाजतोय."