दोन पायांच्या मुंग्या

माझ्या तान्ह्या मुलाला मी धान्याच्या तराजूत तोललं होतं, हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लेकराला तोलू नये, नजर लागते, असं आमच्याकडे मानतात. पण तोलल्यावर मी जे केलं ते त्याहून वाईट.

नांदुऱ्याला अडतीच्या दुकानात मी मापारी होतो. दुकानामागच्याच दोन खोल्यांत राहायचो. बाळंतपणात बायकोला ताप चढला, दूध आलंच नाही. डॉक्टरांनी भुकटीचं दूध सांगितलं. लढाईचे दिवस, कसाबसा एक डबा मिळाला. पाजायचं काम माझ्या विधवा वहिनींनी अंगावर घेतलं. त्यांची स्वतःची पोरगी दोन वर्षांची होती.

जन्मल्या दिवशी मूल तीन शेर भरलं होतं. चौथ्या दिवशी वहिनी विहिरीवर गेलेल्या पाहून पुन्हा तोललं, तर तीन छटाक कमी. मापाऱ्याला एकच कळतं, माल घटला म्हणजे कुणीतरी हात मारला. ओला कापूस वाळून हलका होतो हे रोज पाहायचो, पण ते तेव्हा सुचलं नाही. वाटलं, वहिनी भुकटी पोरीसाठी मागं टाकतात आणि याला पातळ पाजतात.

मी डबा पेटीत घालून कुलूप लावलं. म्हटलं, "मुंग्या लागतात."

वहिनी किल्लीकडं पाहत म्हणाल्या, "हाव भाऊजी. दोन पायाच्या मुंग्या तर लईच वाईट."

मग दर वेळी त्या उकळलेलं पाणी घेऊन माझ्यासमोर यायच्या. चमचा भरायचा, सुरीच्या पाठीनं सपाट करायचा, मला दाखवायचा. एकदाही आवाज चढला नाही.

सहाव्या दिवशी डॉक्टर बायकोला पाहायला आले. मी विचारलं, लेकरू उतरलं काय?

"पहिल्या दिवसांत सगळीच थोडी उतरतात. आईचं दूध असो की डब्याचं. दहा-पंधरा दिवसांत भरून येतं. पितो ना नीट? लंगोट ओले करतो?"

मी वहिनींकडं पाहिलं. वहिनींनी अंगणातल्या दोरीकडं बोट केलं. "परवा पाच. काल सात. आज दुपारलोक पाच झाले."

"मग काळजी कशाची? ही दोरी पाहत जा," डॉक्टर मला म्हणाले.

शाळेचं तोंड न पाहिलेली ती बाई रोज ती दोरी पाहत होती.

त्या संध्याकाळी मी किल्ली त्यांच्या हातात दिली. "गेल्या काय मुंग्या?" त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. बारशाच्या सकाळी पुन्हा चोरून तोललं. तीन शेर, पुरे.

आता त्या मुलाला मिसरूड फुटलं आहे. वहिनी साखरखेर्ड्याला लेकीकडे असतात. सुट्टी लागली की तो आधी तिकडे पळतो. मी गेलो की त्या चहा करतात, साखरेच्या डब्याला झाकण लावतात आणि माझ्याकडं पाहून हसतात.

तुमच्यावर मी चोरीचा संशय घेतला आणि तो खोटा होता, एवढं एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.