प्रिंटरची पिन

खोट्या तक्रारी करकरून मी माझा नवरा पटवला.

आता सांगायला हरकत नाही. आईबाबा नाहीत, दुकानाचे मालक नाहीत, रागवायला कोणी उरलेलं नाही. आणि हरेशला जाऊन आज वर्ष झालं.

नव्वदच्या दशकातलं पनवेल. एसटी स्टँडजवळच्या एका दुकानात मी लग्नपत्रिका टाइप करायचे. लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून मालकांनी नवा कोरा यूपीएस आणला. टेबलाखालचा लोखंडी डबा, लाईट गेली की कॉम्प्युटर दहा मिनिटं जगवणारा.

पहिल्याच आठवड्यात तो असा बोंबलायला लागला की रस्त्यावरची माणसं आत डोकावायला लागली.

मेकॅनिक आला. हरेश. उरणकडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला, आयटीआय केलेला. टेबलाखाली शिरला, एक पिन उपटली. सगळं गप्प.

“मॅडम, ह्याच्यावर फक्त कॉम्प्युटर. लेझर प्रिंटर भिंतीतल्या सॉकेटला लावा. त्याचा लोड ह्याला झेपत नाय.”

एवढंच बोलला. पण बाहेर निघताना टेबलाला डोकं आपटलं आणि असा काही लाजला, की झालं, मी कामातून गेले!

पंधरा दिवस वाट पाहिली. मेला यूपीएस बिघडेचना.

मग मीच प्रिंटरची पिन त्याला लावली.

फोन केला, तर हा म्हणतो, “रिसीव्हर डब्याजवळ धरा.”

ऐकून रोग ओळखायचा पठ्ठ्या. थांबून थांबून वाजला तर लाईट गेलीय. एकसारखा वाजला तर लोड जास्त झालाय.

“एकसारखा वाजतोय. प्रिंटर काढा, मॅडम.”

“लावलाच नाहीये!”

डबा बोंबलतच होता.

“बरं. येतो.”

बस पकडून आला. पिन काढली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मालकांसाठी कागदावर लिहिलं: बॅटरीची वायर सैल होती, घट्ट केली.

तो कागद मी तीनदा वाचला. अगं बाई, हा माणूस माझ्यासाठी खोटं लिहितोय!

असं आणखी तीनदा झालं. दर वेळी नवा रोग. फ्यूज. स्विच. एकदा तर उंदीर.

त्यानंतर आला तो रिकाम्या हातांनी.

“हत्यारांची पिशवी कुठाय?” मी विचारलं.

“पिन काढाया हत्यार कशाला लागतंय?”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तरी माझं तोंड कुठे गप्प बसतंय!

“एवढं कळतंय तर येता कशाला?”

“तुमी बोलावलंत ना. म्हणून आलो.”

वर्षभरात त्याच टेबलावर आमची पत्रिका टाइप केली.

पुढे किती भांडलो असू, देव जाणे. पण हाक मारली की यायचा. तोंड फुगवून यायचा, पण यायचा.

गेल्या वर्षी याच दिवशी दुपारी जेवला, हात धुतले, खुर्चीत बसला. मी स्वयंपाकघरातून हाक मारली. परत मारली. मग हात पुसत बाहेर आले.

आज वर्षश्राद्ध झालं. मंडळी जेवून गेली.

मी आतल्या खोलीत गेले. माझं टायपिंगचं टेबल अजून आहे, खाली त्यानेच बसवलेला यूपीएस आहे. प्रिंटरची पिन घेतली आणि त्याला लावली.

लागला बोंबलायला. एकसारखा.

लेक धावत आली. “आई, अगं ओव्हरलोड होतोय, काढ ना!”

“काढते गं. थांब जरा.”

बापाने तिला ही गोष्ट सांगितलेली असणार. माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. दोघी दाराकडे बघत होतो.

मग वाकले आणि पिन मीच काढली.

हरेश, श्रद्धांजली वगैरे शब्द माझ्याने लिहवत नाहीत.

मी बोलावलं होतं रे.