बाटल्याच्या पोटावरची ‘सौ.’

एकोणीस वर्षांची असताना मी प्राणवायूच्या बाटल्यावर स्वतःचं नाव घालून घ्यायला निघाले होते. बाटला म्हणजे सिलिंडर. चांगला माझ्या खांद्याएवढा उंच आणि पोलादाचा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला माझ्या थोरल्या दिरांची यथेच्छ टिंगल करायची आहे, आणि त्या घरात वेडं माणूस एकच होतं असा तुमचा समज व्हायला नको.

आमचे भावोजी म्हणजे प्रत्यक्ष देव समोर उभा राहिला असता तरी ‘शिक्का कुठाय?’ असं विचारणारा माणूस. अंबरनाथच्या एका गॅस कारखान्यात ते बाटले तपासायचे. रिकाम्या बाटल्याचं वजन करायचं, हातोडीनं वाजवून ऐकायचा (धड असला तर घंटेसारखा वाजतो, आतून गंजलेला असला तर भोपळ्यासारखा), मग पाण्याचा दाब देऊन बघायचा, आणि पास झाला की त्याच्या खांद्यावर वजन, तारीख आणि आपली खूण ठशांनी ठोकायची. पाच वर्षांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून. कारखान्यात हे शोभून दिसे. पण भावोजी ती हातोडी खिशात घालून घरी येत, आणि तिथून पुढे आमचे हाल सुरू होत.

मला बघायला खरवईला आले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही की स्वयंपाक येतो का विचारलं नाही. मी ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला, पाणी अंगणात ओतलं, हातोडी मारली, कान लावला आणि माझ्या वडिलांना म्हणाले, ‘‘मुलगी पसंत आहे.’’ आई कितीतरी दिवस तो तांब्या नातेवाइकांना दाखवत होती. लग्न होऊन आले तर घरातल्या प्रत्येक वस्तूवर तारीख! बंबावर, अडकित्त्यावर, छत्रीच्या दांड्यावर. आमटीच्या पळीची मुदत संपली म्हणून त्यांनी ती एकदा जप्त केली आणि पाहुण्यांच्या पंगतीला मी फुलपात्रानं आमटी वाढली. समोरचे वैद्यबुवा खोकू लागले तर भावोजींनी त्यांच्या पाठीवर टकटक करून निकाल दिला, ‘‘गंज आहे.’’ वैद्यबुवा महिनाभर आमच्या दारावरून गेले नाहीत.

माजघरात एक लहानसं पितळी पातेलं होतं. त्यावर माझ्या जाऊबाईंचं नाव होतं. त्या माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. मूर्खपणाला मला कधी मुहूर्त लागत नसे. मी सरळ विचारलं, ‘‘भावोजी, हे घासून काढून इथं माझं घालू का?’’

ते म्हणाले, ‘‘जुनी खूण खोडायची नसते. नवी तिच्या खाली घालायची. बाटल्यालाही तोच नियम आहे.’’ आणि पातेलं उचलून फळीवर मागे सरकवून ठेवलं.

आता मुख्य भानगड. अंबरनाथच्या शिक्क्याला तेव्हा बंदरात कुणी विचारत नसे. बोटीनं परदेशी जायचा बाटला मुंबईत दुसऱ्यांकडून तपासून, त्यांचा शिक्का घेऊन मगच चढायचा. भावोजींना ते जिव्हारी लागे. ‘‘मी पास केलेला बाटला कल्याणच्या पुढे नापास? का, खाडी ओलांडली की पोलाद बदलतं?’’ असं ते भिंतीला विचारत. अखेर एक गोरा साहेब नमुना बघायला येणार असं ठरलं. नमुना पसंत पडला तर भावोजींची खूण अंगावर घेऊन बाटले थेट आफ्रिकेत मोंबासाला जाणार होते. त्या नमुन्यासाठी भावोजींनी जेवणखाण सोडलं. गुदामातला पहारेकरी विडी ओढतो म्हणून शनिवारी बाटला बैलगाडीत घालून घरीच आणला, ओसरीवर उभा केला आणि शेजारी अंथरूण घातलं. सासूबाईंनी येता-जाता त्याला हळदकुंकू लावलं.

रविवारी भावोजी हजामतीला गेले आणि नेमका भांड्यांवर नावं घालणारा आला. उल्हासनगरच्या छावणीतला सिंधी; मराठी अक्षर वाचता येत नसे, पण कागदावर लिहून दिलं की छिन्नीनं हुबेहूब उतरवी. सासूबाई आतून ओरडल्या, ‘‘कुसुम, एकूण एक भांड्यावर घालून घे गं! बिनखुणेचं शेजारी गेलं की गेलंच!’’

एकूण एक म्हणजे एकूण एक. ओसरीवरचं ते धूड काय आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं; मला तो नव्या तऱ्हेचा बंब वाटला होता. त्याच्या खांद्यावर आकड्यांची दाटी होती, म्हणून मी पोटाकडे बोट दाखवलं. त्यानं एक ठोका घातला आणि छिन्नीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

‘‘अदी, ये लोटा है के तोप?’’ अदी म्हणजे त्यांच्यात ताई.

‘‘तुम लिखो ना! सौभाग्यवती का काम है!’’ मी.

घाम पुसत त्यानं ‘सौ.’ एवढं कोरलं. तेवढ्यात दुसरीही छिन्नी बोथट झाली. ‘‘बाकी नाम तुम खुद लिख लेना,’’ म्हणून तो निघून गेला.

भावोजी आले. बघितलं. एका गालाची हजामत व्हायची राहिल्यासारखा चेहरा झाला. खांद्यावर शिक्के चालतात, पोटावर ओरखडाही चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

आमचे हे म्हणाले, ‘‘दादा, कानस मारतो आणि वर रंगाचा हात देतो. साहेबाला कळणारसुद्धा नाही.’’

‘‘साहेबाला नाही कळणार. बाटल्याला कळेल,’’ भावोजी म्हणाले. ‘‘तिथं पोलाद पातळ होईल. आणि खूण खोडायची नसते.’’

सोमवारी त्यांनी बाटल्याबरोबर मलाही बैलगाडीत बसवलं. खूण कुणी केली हे साहेबाला दाखवायला नको? साहेबानं बाटला फिरवून बघितला आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. भावोजींनी उत्तर दिलं. साहेबानं पुन्हा विचारलं. मग भावोजींचा चेहरा लाल झाला. घरी येताना त्यांनीच सांगितलं: ‘‘खुणेचा अर्थ विचारला. मी म्हटलं, नवरा जिवंत आहे असा. तर विचारतो, कुणाचा? बाटल्याचा?’’

तो बाटला जागीच बाद झाला. साहेबानं गुदामातले दुसरे चार आपल्या हातानं निवडले, वाजवले, दाब देऊन बघितले आणि ‘कळवतो’ म्हणून गेला. मग कळवेचना. त्या दिवसांत भावोजींनी घरात काहीच वाजवलं नाही. नारळ आला, कलिंगड आलं; नुसतं बघत. मी मुद्दाम त्यांच्यासमोर तांब्या आपटायचे, तर म्हणायचे, ‘‘सांभाळून.’’ एवढंच. मला ते सहन होईना.

पावसाळा सरला आणि एका संध्याकाळी बाहेरून आवाज आला: टण्! अंगणातल्या बादलीचा. मग बंबाचा, मग जिन्याच्या कठड्याचा, मग वैद्यबुवांच्या फाटकाचा. मी पळत बाहेर आले. भावोजींनी हातोडी खिशात घातली आणि म्हणाले, ‘‘मोंबासा.’’

बाद बाटला पुन्हा कुणी भरू नये म्हणून कापायचा असतो. त्याचा खालचा अर्धा भाग भंगारात गेला. वरचा भावोजींनी मागून घरी आणला आणि घंटा करून ओसरीवर टांगला. वर त्यांचे शिक्के, खाली माझी ‘सौ.’ जेवणाची वेळ झाली की मी ती वाजवायची.

पुढे सासूबाई गेल्या. आम्ही बदलापूरला कात्रपला बिऱ्हाड केलं. भावोजी काही यायला तयार होईनात. निघायच्या दिवशी ट्रंका गाडीत चढल्या, तेव्हा त्यांनी घंटेला एक ठोका दिला, आवाज पार विरेपर्यंत ऐकला, मग ती उतरवली आणि गाडीत माझ्या ट्रंकेशेजारी ठेवली. जन्मात पुस्तकाबाहेरचा एक नियम न सांगितलेला तो माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘कुसुम, आवाज खणखणीत आहे, पण पाच वर्षं म्हणजे फार झाली. दर महिन्याला तपासणीला आणत जा. आणि नुसती घंटा पाठवायची नाही, मालकीण बरोबर लागते, असा नियम आहे.’’