भिवापूरला नेलेले भुंगे

माझ्या मामींना स्वतःच्याच मिरचीच्या शेतात पाय ठेवता येत नाही. बांधावरच्या गाजर गवताची हवा लागली की अंगावर गांधी उठतात, डोळे सुजतात. हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगे मिळतात असं कळलं. मग काय, ऑगस्टातल्या एका रविवारी भोकं पाडलेल्या मिठाईच्या डब्यात भुंगे घेऊन मी सक्करदऱ्याहून भिवापूरला निघालो.

उमरेडवरून रस्ता सरळ आहे, दीड-दोन तास लागतात. पावसाने दडी मारलेली, ऊन मे महिन्याचं. कारचा एसी मी डब्याकडे वळवला आणि स्वतः घाम पुसत राहिलो. उमरेडला तर्री-पोहे जरूर खा. मी गाडीतच खाल्ले, पाहुण्यांना एकटं कसं सोडणार?

मामाजींचं शेत घरामागेच आहे. त्यांनी बांधावर थाटात डबा उघडला. भुंग्यांनी चार पानं कुरतडली आणि दुपारपर्यंत मातीत शिरून चक्क झोपले. ओल नसली की पाऊस येईपर्यंत ते असेच झोपतात म्हणे. गवताला मात्र उन्हाचं काहीच नव्हतं, ते छातीएवढं वाढून फुललं होतं.

मामाजी हार मानणारे नव्हेत. घरातला एकुलता एक कुलर वायर लांबवून बांधावर आला. भुंग्यांना कोवळी पानं आवडतात म्हणून ते गवताला पाणी घालू लागले.

शेजारचा शेतकरी थबकला. "काहून गा, गाजर गवताले पाणी देऊन राहिला?"

"मंग पाहुण्यायले उपाशी ठेवू का?" मामाजी म्हणाले.

मागच्या दारातून मामी कडाडल्या, "सैपाकघरात माहा जीव शिजून राहिला, तवा नाही हलला हा कुलर!"

हसून हसून माझं पोट दुखलं. निघताना पाहिलं, तर मामी पदर नाकाला लावून दारातूनच शेताकडे बघत होत्या. तेव्हा फार वाईट वाटलं.

तुम्हालाही भुंगे न्यायचे असतील तर पाऊस लागल्यावरच न्या. तो कधी लागेल, हे मात्र मला विचारू नका.

परत येऊन महिना झाला. काल मामाजींचा फोन आला. उशिरा का होईना, पाऊस आला, भुंगे उठले आणि बांधाचं एक टोक त्यांनी पार बोडकं केलं. आनंदाने मामाजींना नीट बोलताही येत नव्हतं. मग मामींनी फोन घेतला.

"पानं खाल्ले गा. पण बी तं कधीचंच पडलं होतं. आता पाणी झालं, सारं पुन्हा उगवून राहिलं."

मी मिरचीचं विचारलं.

"मिरची फुलली म्हणतेत," त्या म्हणाल्या. "मी अजून पाह्यली नाही."