पुण्यासाठी सोडलेला ईल

मंडळी, आज पुण्य कमवायला गेले आणि तोंडघशी पडले.

इथे परदेशात, आमच्या ओजिमात मासेवाल्याच्या टबात सापासारखे लांब, जिवंत ईल मासे वळवळत होते. त्यात माझा श्रावणी सोमवार. राहवलं नाही. एक विकत घेतला आणि घरामागच्या कालव्यात सोडला. लेकीने टाळ्या वाजवल्या, मी चक्क हात जोडले!

काठावर बसलेले शेजारचे आजोबा हळूच म्हणाले, "अंडी घालायला हे लांब समुद्रात जातात. पण या कालव्याला दोन्हीकडे दरवाजे आहेत. आता हा जाणार कुठून?"



लेक मघापासून विचारतेय, "आई, समुद्रात पोहोचला असेल ना तो?"

तिच्या आईने त्याला एका टबातून काढून मोठ्या टबात टाकलंय, हे तिला कसं सांगू?