फुलाच्या श्लोकाचा अर्थ कळला तेव्हा

आमच्या रविवारच्या वाचनाचे किस्से आता इतके साचलेत की चौघी मिळून मेथी निवडायला बसलो तर मेथी संपते, किस्से उरतात. वैशाली म्हणते, "मावशी, लिहून काढा की. तुमच्यानंतर कोण सांगणार?" माझ्यानंतरची काळजी तिनं करायचं कारण नाही, मी अजून आहे. पण लिहिते. दुसऱ्या कुणी लिहिलं तर मला गरीब बिचारी म्हातारी करून टाकतील.

भवानी पेठेच्या मागच्या अंगाला आमचा विहार. रविवारी दुपारी तिथं आम्ही सात-आठ जणी जमतो, पण किस्से घडतात ते तिघींमुळे. एक मी, सकू. शाळेत गेले नाही. मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या आणि दुकानांच्या पाट्या बघून अक्षरं शिकले. दुसरी हिराबाई, मंद्रूप गावची लेक, जन्मभर माझ्या शेजारी बसून विड्या वळलेली. तिसरी वैशाली, पतसंस्थेत नोकरी करते. लॅपटॉप तिचा.

पाली वंदना आमच्या सगळ्यांच्या तोंडपाठ. बारसं असो, लग्न असो, मयत असो, गुरुजी पुढे म्हणतात, आम्ही मागे म्हणतो. अर्थ विचारला की सगळ्या पंख्याकडे बघतात. तर वैशालीनं इंटरनेटवर पाली ग्रंथ शोधून काढले आणि ब्राउजरमध्ये एक टूल बसवलं. माउसचा बाण शब्दावर नेला की शेजारी छोटी चौकट उघडते आणि त्यात त्या शब्दाचा अर्थ. अर्थ इंग्रजीत असतो, तो वैशाली मराठीत सांगते.

त्याच दिवसांत हिराबाईच्या सुनेला, संगीताला, दिवस गेले होते. आधी दोनदा पोटातच गेलेलं. त्यामुळे हिराबाई तेव्हा खिडकीतल्या वाऱ्यालासुद्धा भ्यायची. पुढचं सगळं त्या भीतीतून झालं.

* * *

पहिल्याच रविवारी चौकटीत एका शब्दाचे चार अर्थ आले. दुःख, ताप, अडचण, ओझं. आता यातला कुठला घ्यायचा?

आमच्यातल्या बहुतेक जणी बचत गटातल्या. ठराव कसा करायचा ते आम्हाला कुणी शिकवायला नको. मी म्हटलं, "हात वर करा." दुःखाला दोन हात, तापाला एक, अडचणीला एकही नाही. ओझ्याला बाकी सगळे. ज्यांनी हंडे वाहिले, विटा वाहिल्या, त्या दुसरं काय निवडणार?

तेवढ्यात गुरुजी आले. गुरुजी म्हणजे आमचे बौद्धाचार्य. गल्लीतले सगळे विधी तेच लावतात. माणूस सरळ, पण ताठ. हात वर बघून दारातच उभे राहिले.

"काय चाललंय?"

"अर्थ मंजूर करतोय," वैशाली म्हणाली.

गुरुजींचा चेहरा असा झाला, जणू आम्ही विहारात कोंबडं कापलं. "अर्थ असा मतांवर ठरतो का, सकूबाई? ही काय ग्रामपंचायत आहे?"

मी म्हटलं, "तुमी एकट्यानं ठरवता, आमी आठजणींनी ठरवला. तुमचंबी मत द्या की, अजून मतदान बंद न्हाय झालं."

गुरुजींनी मत दिलं नाही. पण जाता जाता म्हणाले, "ओझं चालेल."

* * *

आता दुसरा किस्सा.

संगीताच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट मोबाईलवर आला होता. हिराबाईनं तो वैशालीला लॅपटॉपवर उघडायला लावला, मोठ्या अक्षरात दिसेल म्हणून. वैशालीनं उघडला. टूल चालूच होतं. बाण एका डॉक्टरी शब्दावर गेला आणि चौकट उघडली. वैशालीला चौकट वाचून दाखवायची सवय लागलेली. तिनं वाचून टाकलं, "काहीही सापडलं नाही."

हिराबाई मटकन फरशीवर बसली. ओठ पांढरे. "पोटात काय सापडलं न्हाय?"

मग वैशाली ओरडली, "हिरामावशी, शब्दकोशात सापडलं नाही! बाळ आहे जागेवर!"

पाणी पाजलं, तळवे चोळले. मी म्हटलं, "हिरे, डॉक्टरची भाषा पालीत कशी सापडंल? ती डॉक्टरलाच सापडती का बघ आधी."

हिराबाई हसली नाही. उठली आणि लॅपटॉपकडे बोट करून म्हणाली, "ह्या डब्यात माज्या सुनंचा कागद पुन्ना घालायचा न्हाय."

* * *

मग लक्ष्मक्का आल्या. विहाराला लागून त्यांचं घर, मुलगे टॉवेल विणायच्या मागावर कामाला, घरात तेलुगू. खिडकीतून आमचा कारभार त्या महिनाभर बघत होत्या. एका रविवारी सरळ आत.

"आमच्याकडं पुजारी म्हणतो, आम्ही झोपतो. तुमच्याकडं कसं?"

"आमच्याकडं आमीच म्हणतो आन् आमीच झोपतो," मी म्हटलं. "आत्ता जाग्या झालोय."

लक्ष्मक्कांना त्यांच्या स्तोत्राचा अर्थ बघायचा होता. वैशालीनं ते शोधून उघडलं. टूल पालीचं, स्तोत्र संस्कृत. दहा शब्दांवर बाण नेला तेव्हा कुठे एकाचा अर्थ निघाला, तोही 'पाणी'. आम्ही जरा खजील झालो.

लक्ष्मक्का मात्र खुशीत. "बघा," पदर खोचत म्हणाल्या, "आमचं लई अवघड हाय." आणि अर्थ न घेताच, जिंकल्यासारख्या घरी गेल्या.

* * *

आता खरा धक्का.

वंदनेत फूल वाहताना म्हणायचा एक श्लोक आहे. चाल गोड, म्हणून सगळ्यांचा आवडता. एका रविवारी वैशाली म्हणाली, आज हा बघू. बाण पुढे सरकत गेला, ती एकेक शब्द सांगत गेली. फूल. कोमेजतं. जसं. हे. माझं. शरीर. तसंच. जातं.

"कुटं जातं?" हिराबाईनं विचारलं.

वैशालीनं चौकट पुन्हा वाचली. "नाशाकडे."

हे फूल जसं कोमेजतं, तसं माझं शरीर नाशाकडे चाललंय. इतकी वर्षं हे आम्ही ताल धरून म्हणत होतो.

पहिली बोलली ती वैशालीच. "मावशी, मी नवी स्कूटी घेतली तेव्हा हँडलला हार घालून आपण हेच म्हटलं."

"आन् तू लगेच चौकापर्यंत चालवत गेलीस," मी म्हटलं.

दोघी-तिघी हसल्या. कुणाला लेकीच्या लग्नातलं आठवलं, कुणाला पिठाच्या गिरणीच्या उद्घाटनातलं. आठवेल तशी एकेक तोंडावर हात ठेवत होती. मग हिराबाई हळूच म्हणाली, "सकू, संगीताच्या डोहाळजेवणाला वंदना घेतली. तवा तिनं पोटावर हात ठिवून हेच म्हटलं व्हय?"



* * *

पोरगी झाली. सुखरूप, सव्वातीन किलोची, रडायला लाऊडस्पीकर. बारशाचा दिवस ठरला आणि हिराबाई मला घेऊन गुरुजींच्या घरी गेली.

"गुरुजी, वंदना सगळी घ्या. तेवढा फुलाचा श्लोक गाळा."

गुरुजींना आधी कळेचना. कळलं तेव्हा चष्मा काढून ठेवला. "वंदनेतून श्लोक गाळायचा? आजपर्यंत कुणी मागितलं नाही हे. त्या श्लोकानं कधी कुणाचं वाईट झालंय का?"

"आजपत्तुर ठावं नव्हतं. आता ठावं हाय. आता माज्या नातीम्होरं न्हाय चालायचं."

"त्या टूलनं घोळ केला सगळा," गुरुजी म्हणाले. "न कळता म्हणत होता तेच बरं होतं."

मी मध्ये बोलायचं नाही असं ठरवून गेले होते. "न कळता अंगठाबी उठवत होतो आमी, गुरुजी. तेबी बरं होतं का?"

गुरुजींनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तुमचा राग मान्य. पण मोडतोड केलेली वंदना मी लावणार नाही. पूर्ण घ्यायची तर येतो. नाहीतर दुसरं कुणी बघा."

बाहेर आल्यावर मी हिराबाईलाच धरलं. मला लपवाछपवी खपत नाही. "हिरे, तथागतानं खरं तेच सांगितलंय. फूल सुकतं, माणूस जातं. खरं हाय तर म्हणायला काय भ्यायचं?"

हिराबाई रस्त्यातच थांबली. "खरं हाय, ठावं हाय मला. दोनदा बघितलंय. पन ह्या पोरीच्या पाळण्याम्होरं उभं ऱ्हाऊन तिच्या आईनं ते म्हणायचं? तू म्हणशील?"

मी तो विषय तिथंच सोडला. माझ्याबाबतीत हे असं सहसा होत नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

* * *

बारशाला विहाराचा हॉल भरलेला. दुसरं कुणी मिळालं नाही, गुरुजीच आले. हिराबाई काय करणार ते तिनं मलासुद्धा सांगितलं नव्हतं. वैशाली माझ्या कानात, "मावशी, भांडण होईल का?" मी म्हटलं, "व्हावं की."

वंदना सुरू झाली. गुरुजी पुढे, सगळे मागे. संगीता पाळण्याशी उभी, एका हातावर बाळ, दुसऱ्या हातात पांढरी शेवंती. सासूनं अर्थ आधीच सांगून ठेवला असणार, कारण तिची नजर फुलावरच होती.

गुरुजींनी फुलाच्या श्लोकाचा पहिला चरण म्हटला आणि थांबले. मागून आवाज नाही. आमच्या गटातली एकही बोलली नाही. आम्ही बोललो नाही म्हणून बाकीचेही बोलले नाहीत. गुरुजींनी तोच चरण पुन्हा म्हटला. पुन्हा शांतता. त्यांच्या कपाळावर घाम आला.

हिराबाई उठली. मला वाटलं, आता ही गुरुजींना पाटावरून उठवते. ती संगीताकडे गेली आणि तिच्या बोटांतून फूल सोडवून घेतलं.

"तू म्हणू नगं. ह्यात तुजं काय न्हाय. ह्या पोरीचं तर न्हाईच न्हाई."

मग फूल घेऊन गुरुजींसमोर उभी राहिली. "गुरुजी, ह्यात 'माझं शरीर' म्हणत्यात न्हवं?"

"हो," गुरुजी म्हणाले.

"मग ह्यो माजा श्लोक हाय. म्हणा म्होरं. एकटी म्हणते मी."

"एकट्यानं म्हणायची रीत नाही, हिराबाई."

"आज हाय."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. होकाराची हलवायची की नकाराची, तेच कळत नव्हतं. मग त्यांनी डोळे मिटले आणि चरण म्हटला. हिराबाई मागून म्हणाली. मान ताठ, एकेक शब्द स्वच्छ, अर्थ कळून म्हटलेला. हॉलमध्ये दुसरा आवाज नव्हता, पोरगीसुद्धा गप्प होती. शेवटच्या चरणाला गुरुजींचा आवाज कापला. हिराबाईचा नाही.

तिनं फूल वाहिलं, वाकून हात जोडले. गुडघ्यावर हात देत उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाली,

"चला, नाव सांगा पोरीचं."