सासरे दारात आले तवा

वाक्य तोंडातून निघून गेल्तं. "माझ्या सासऱ्याशी मी लग्न झाल्यापासून एकदाबी सरळ बोलले न्हाई," आसं मी म्हणले, वर्ग हसला, आन् दाराकडं बघते तं सासरेच उभे. कडेवर माझी पोरगी, रडून रडून लाल झालेली. त्यांनी ऐकलंच होतं, कारण एक चप्पल काढलेली, दुसरी पायातच, आन् तसेच थांबलेले.

माझा पदर आपोआप तोंडावर आला. पुढचं सगळं पाठ केल्तं, त्यातलं एक अक्षर आठवंना.

ती आमच्या सेमिस्टरची शेवटची तोंडी परीक्षा होती. संवादाचा कोर्स. मी नववीतूनच शाळा सोडलेली, मंग लग्न, मंग पोरगी. परतूरला एका शाळेत रविवारी वर्ग भरायचे, आधी एक परीक्षा दिली की अर्धवट शिकलेल्यालाबी घेत होते. आत्याबाई, म्हंजे माझी सासू, बिलकुल नको म्हणत होत्या. "बोलायला शिकायला कोर्स लागतो व्हय? बायांना काय कमी बोलता येतंय?" पण मामांनी, म्हंजे सासऱ्यांनी, माझ्या पोरीला सांगितलं, "तुझ्या मायला म्हणावं, जा. तुला मी सांभाळतो."

आमच्या घरात आसंच चालतं. सून सासऱ्याशी बोलत न्हाई, तोंड दाखवत न्हाई. काही सांगायचं आसलं तं लेकराला सांगायचं. "आज्याला म्हणावं, च्या झाला." पोरगी दीड वर्साची, तिला काय कळतंय! पण दोघंबी तिलाच सांगायचो आन् दोघांनाबी बराबर ऐकू यायचं. ती व्हायच्या आधी मी भिंतीला सांगायची.

सर म्हणले होते, आपापल्या घरातला संवाद बघा आन् तोच सांगा. सांगणारा कोण, ऐकणारा कोण, मधी काय. म्हणून मी हे निवडलं. मला काय माहीत, पोरगी अंगावर प्यायला पाह्यजे म्हणून रडायची थांबणार न्हाई आन् मामा तिला घेऊन आमच्या गावाहून, वाटूरहून, काळीपिवळी जीपमधी बसून परतूरला येतील!

"बाई, थांबू नका," सर म्हणले. "थांबलात तर गुण जातील. समोर बघून बोला."

समोर तं मामा.

मागच्या बाकावरची एक बाई हळूच म्हणली, "बोल गं, ऐकलंच हाये आता त्यांनी. राह्यलं काय?"

मी बोलले. फळ्याकडं तोंड करून. भिंतीचं सांगितलं, च्याचं सांगितलं. पोरगी "माय, माय" करून ओरडून राह्यली होती, लोकं हसून राह्यले होते. खडूच्या रेघा तेवढ्या दिसत होत्या मला. सरांनी पास केलं, तेबी मला नंतर कोणीतरी सांगितलं.

येताना एकाच काळीपिवळीत आलो. मामा पुढं, मी पोरीला पाजत मागं. मामा पोरीशीबी बोलले न्हाईत. मी म्हणलं, झालं, संपलं. त्यांनी पोरगी सांभाळली न्हाई तं पुढचं सेमिस्टर कुठलं?

सांजच्याला मी भाकरी करून राह्यले होते. मामा ओसरीवर बसले होते, मांडीवर पोरगी. घरातल्या समद्यांना ऐकू जाईल आसं तिला म्हणले, "तुझ्या मायला सांग, पुढच्या सेमिस्टरचं तिनं सोता मला इचारावं. तुझ्याकडून निरोप चालणार न्हाई."

"आवं, डोकं फिरलं का?" आत्याबाई उठल्याच. "सुनेनं सासऱ्याला तोंडावर इचारायचं? मीबी सूनच व्हते या घरात. तुमच्या बापाला मरेपर्यंत माझा आवाज म्हाईत नव्हता!"

मामांनी पोरीला मांडीवर नीट बसवलं.

मी पिठाच्या हातानं दाराआड उभी. मामा रागानं म्हणले का मनापासून, हे काय मला कळंना. सेमिस्टरभर हेच शिकले होते, समोरच्याचा चेहरा बघा, डोळे बघा, मंग कळतं त्याला काय म्हणायचंय. पण मी मामांचा चेहरा नीट कधी बघितलाच नव्हता. मला त्यांचे पाय तेवढे वळखू येतात.

बोलले तं आत्याबाईंचा अपमान. दिवसभर त्यांच्याच संगं राह्यचं, चूल एक, पाणी एक. न्हाई बोलले तं शिक्षण बंद.

तव्यावर भाकरी जळून राह्यली होती.

"मामा," मी म्हणले, "मी पुढं शिकू का?"

आवाज माझा मलाच वळखू आला न्हाई. मामा उठले. "शिक," म्हणले, पोरगी खाली ठिवली आन् बाहेर निघून गेले.

आत्याबाईंनी जळकी भाकरी उचलून माझ्या ताटात टाकली. रागावल्या न्हाईत, वरडल्या न्हाईत. पदरानं डोळे पुसले तेवढे. तवापासून त्या माझ्याशी धड बोलत न्हाईत. मामा पोरीला सांभाळतात, मी रविवारी जाते, परत येते, आन् घरात आल्यावर पहिलं आत्याबाईंकडं बघते. त्या दुसरीकडं बघतात.

मी त्यांचं काही हिसकून घेतलं का? तुम्ही माझ्या जागी आसत्या, दाराआड, तं काय केलं आसतं? बोलल्या आसत्या का गप बसल्या आसत्या?